दाजी आणि रडणारं कपाट

दुकानातले सगळे त्याला दाजी म्हणत. खरं तर तो एकट्या मॅनेजरचा दाजी, म्हणजे मॅनेजरच्या थोरल्या बहिणीचा नवरा. पण मॅनेजर दिवसभर स्वयंपाकघराच्या दारातून "दाजी, बटाटे टाका", "दाजी, कोंबडी काढा" असा घोशा लावी. त्यामुळे बर्गर रचणाऱ्या मुली, काउंटरवरचे कारकून, फरशी पुसणारी मावशी, सामानाच्या गाडीवरचा हमाल, झाडून सगळे त्याला दाजी म्हणू लागले. एक नेहमीचं गिऱ्हाईकसुद्धा म्हणे. एवढ्या लोकांच्या बहिणी एकट्याच्या गळ्यात पडल्या, तरी दाजीच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

तो चेहरा हा एक स्वतंत्र विषय होता. दाजीला राग आलाय का हे बघणं म्हणजे भिंतीला हात लावून तिला ताप आहे का ते बघणं. कंपनीने एकदा सगळ्यांसाठी हसण्याचा वर्ग ठेवला होता. शिकवायला आलेल्या बाई प्रत्येकासमोर आरसा धरून म्हणत, "गिऱ्हाईक म्हणजे घरी आलेला पाहुणा. पाहुणा दिसला की आपण कसे हसतो?" दाजी हसला. बाईंनी आरसा खाली ठेवला, जरा विचार केला आणि मॅनेजरला म्हणाल्या, "यांना आत तेलाच्या कढईपाशीच असू द्या." तेव्हापासून दाजी आत होता. बाहेरच्या लोकांना तो दिसे तो भिंतीतल्या चौकोनी खिडकीतून पुढे येणारा हात म्हणून.

त्याआधी तो पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होता. तिथे डिंक, दोरा, पुठ्ठा आणि शांतता. कारखाना बंद पडला तेव्हा हे दुकान नुकतंच उघडत होतं आणि दिसेल त्याला आत घेत होतं. दाजी शिरला. पुढे बायको मागे लागली, "अहो, माझा भाऊ नुसता घरात लोळतोय, त्यालाही चिकटवा ना कुठे." दाजीने मेहुण्याला चिकटवला. कढई कशी पेटवायची, जाळी कशी झटकायची, भाजलं तर कुठलं मलम लावायचं, सगळं शिकवलं. मेहुण्याला हात बेताचेच होते, पण जीभ उत्तम होती. बघता बघता तो गळपट्टा बांधून मॅनेजर झाला आणि दाजी त्याच कढईपाशी राहिला. लोकांना वाटे, दाजीच्या मनात कुठेतरी हे सलत असेल. दाजीनेही एकदा आत डोकावून पाहिलं. कोणी घरी नव्हतं.

पूर्वी मात्र आत कोणीतरी राहत असे. दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. तळलेली कोंबडी ठेवायला तिथे काचेचं एक गरम कपाट होतं, अजूनही आहे. त्यात ट्रे ठेवायचे, प्रत्येक ट्रेखाली एक छोटं घड्याळ आणि एक हिरवं बटण. ट्रे आत सरकवला की बटण दाबायचं आणि वेळ सुरू करायची. वेळ संपली की लाल दिवा लागून कपाट वाजायला लागे. मग तो माल विकायचा नाही, मागच्या पिंपात टाकायचा. पिंपाला कुलूप आणि वरून साबणाचं पाणी, म्हणजे कोणी उचलून खाऊ नये. पहिल्यांदा हे केलं त्या दिवशी दाजी घरी जाऊन बराच वेळ हात धूत राहिला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"चांगली कोंबडी साबणाच्या पाण्यात बुडवली."

"मग घरी नाही का आणायची?"

"ती चोरी होते."

"आणि फेकली की?"

"तो नियम होतो."

बायकोने कपाळाला हात लावला. दाजी त्या दिवशी जेवला नाही. पुढे जेवायला लागला. पुढे हात धुणंही थोडक्यात आटपू लागला.

पण कंपनीचं एकाच नियमाने भागेना. कपाटावर पाटी होती, 'वेळ संपताच माल टाकून द्यावा'. तिच्या शेजारीच दुसरी पाटी आली, 'नासाडी टाळा, आपलं दुकान पहिलं आणा'. टाकलेल्या मालाचं रोज वजन होई, ते वर जाई, आणि ज्या दुकानात पिंप हलकं त्या दुकानाच्या मॅनेजरचा फोटो मुख्य कार्यालयाच्या भिंतीवर लागे. कपाट म्हणे फेका, भिंत म्हणे फेकू नका. दोन्ही पाट्यांवर एकच हसरा कोंबडा छापलेला होता. हा कोंबडा कशाला हसत होता ते त्याचं त्यालाच ठाऊक.

यातून दुकानाने आपला मार्ग काढला. कपाट वाजलं की ट्रे काढायचा नाही, नुसतं हिरवं बटण पुन्हा दाबायचं. घड्याळाला वाटे, नवीन माल आला. ते गप्प बसे आणि पहिल्यापासून मोजायला लागे. या कामाला दुकानात 'थोपटणं' म्हणत. "बाळ रडतंय, कोणीतरी थोपटा रे," असं काउंटरवरून कोणी म्हणे आणि जो जवळ असेल तो जाता जाता थोपटे. बर्गर रचणारी एक मुलगी म्हणायची, "दाजी, हे तिसऱ्या खणातलं बाळ आता मिसरूड फुटायच्या वयाचं झालंय, याला आता तरी घराबाहेर काढा." सगळे हसत. दाजी थोपटे. त्याला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की पाठमोरा असला, दोन्ही डोळे तेलात असले, तरी डावा हात आपला मागे जाई, नेमकं बटण शोधी आणि परत येई. फेकताना पूर्वी वाईट वाटायचं, ते बंद झालं होतं. थोपटताना काही वाटायला हवं होतं, ते सुरूच झालं नाही.

मग शाळेच्या बसचा ड्रायव्हर आजारी पडला.

हा ड्रायव्हर दुपारच्या फेरीआधी दुकानातून कोंबडीचा डबा घेई आणि बसमध्येच बसून खाई. एका दुपारी खाल्लं आणि फेरी संपवून तो जो आडवा झाला, तो सरळ इस्पितळात. जीव वाचला, पण मूत्रपिंडं गेली. आता त्याचं रक्त यंत्रातून धुवावं लागे आणि बस दुसराच कोणी चालवत असे. त्याने कंपनीवर दावा लावला. कंपनीने पत्रक काढलं, त्याचा सारांश असा की, आमचं यंत्र वेळेवर वाजतं, आमचा नियम फेकायला सांगतो, तेव्हा आमच्याकडून चूक होणं शक्य नाही. आणि झालीच असेल तर ती यंत्राची नाही, माणसाची.

मेहुण्याने ते पत्रक दोनदा वाचलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "दाजी," तो म्हणाला, "यातला माणूस म्हणजे मी."

त्या दुपारी मॅनेजर तोच होता. कपाट वाजलं तेव्हा "थोपटा, दाजी, शाळा सुटायची गर्दी येईल" असं म्हणाला होता तोही तोच. हे शाबीत झालं असतं तर नोकरी तर गेलीच असती, वर फौजदारी खटला. आणि कपाटापाशी होता दाजी, म्हणून साक्षीला बोलावणं आलं ते दाजीला.

कंपनीचा वकील दुकानात येऊन भेटला. माणूस नखशिखांत गुळगुळीत, बूट असे की त्यात दाजीला आपला चेहरा दिसला आणि त्याने नजर वळवली. वकील म्हणाला, "तुम्हाला फार बोलायचंच नाही. एक वाक्य पाठ करा. 'वेळ संपली की आम्ही माल लगेच टाकून देतो.' बस्स. मग चूक कोणाचीच नाही. ड्रायव्हरने दुसरीकडे कुठे काय खाल्लं असेल ते आपल्याला काय माहीत?"

"आणि ड्रायव्हरला मग काय मिळेल?" दाजीने विचारलं. चौकशीच्या सुरात, स्टेशनवर गाडीची वेळ विचारावी तसं.

"तो तुमचा प्रश्न नाही," वकील म्हणाला.

घरी तालीम सुरू झाली. मेहुणा पाट ओढावा तशी खुर्ची ओढून वकील होऊन बसे, बायको भाजी निवडता निवडता न्यायाधीश होई.

"वेळ संपली की काय करता?" मेहुणा विचारी.

"वेळ संपली की आम्ही माल लगेच टाकून देतो."

"अहो, जरा भुवया तरी हलवा," न्यायाधीश म्हणे. "टपालपेटी बोलल्यासारखं वाटतंय."

दाजीने भुवया हलवल्या.

"नको ताई, राहू दे," मेहुणा घाईने म्हणाला. "तसेच बरे होते."

साक्षीच्या आदल्या दिवशी बायकोने भाजी बाजूला ठेवली. "माझ्या भावाचं नाव तोंडातून काढायचं नाही."

"बरं."

"बरं काय? शपथ घ्या."

"उद्या कोर्टातही घ्यायची आहे."

"ती उद्याची. ही आधीची. आधीची मोठी."

दाजीने घेतली. पुन्हा एकदा त्याने आत डोकावून पाहिलं. तो ड्रायव्हर, हा मेहुणा, ही बायको, यांपैकी कोणासाठी तरी काहीतरी हलायला हवं, एवढं त्याला समजत होतं. शिळा ट्रे उघडल्यावर वास यायला हवा हे जसं समजतं, तसं. पण कढईपाशी इतकी वर्षं काढल्यावर नाकालाही पूर्वीसारखं कळत नसे.

कोर्टात दोघे मेहुण्याच्या गाडीतून गेले, बायको घरीच थांबली. बघायला म्हणून आलेले मावशी आणि काउंटरवाले मागच्या बाकावर बसले होते. दुसऱ्या बाकावर कंपनीचे वरचे साहेब होते, मांडीवर मांडी टाकून. ड्रायव्हर एका कडेला, शर्टाच्या आत स्वतः शिल्लक नसल्यासारखा. त्याच्या बाजूने एक वयस्कर वकीलबाई उभ्या होत्या. त्यांना सर्दी झाली होती आणि प्रत्येक प्रश्नाआधी त्या नाक पुसत, त्यामुळे प्रश्न येणार हे साऱ्या कोर्टाला आधीच कळे.

दाजी पिंजऱ्यात उभा राहिला. शपथ घेतली, म्हणजे नंतरची. पिंजऱ्याला लागूनच कोर्टाच्या कारकुनाचं टेबल होतं आणि त्यावर वरच्या बाजूला बटण असलेलं एक छोटं घड्याळ. कारकुनाला रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यावी लागे, म्हणून त्याने ते लावून ठेवलेलं. कारकून स्वतः न्यायाधीशांकडे कागद न्यायला उठला होता.

वकीलबाईंनी नाक पुसलं. "गरम कपाटातल्या मालाची वेळ संपली की तुम्ही काय करता?"

"वेळ संपली की आम्ही माल लगेच," दाजी म्हणाला, आणि घड्याळ वाजायला लागलं.

दाजीचा डावा हात बाजूला गेला, बटण दाबलं, परत आला.

"टाकून देतो," दाजीने वाक्य पुरं केलं.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग मागच्या बाकावर मावशीला हसू फुटलं. तिने ते खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला, पण शेजारी बसलेल्या काउंटरवाल्यांनाही तोच खोकला लागला. वकीलबाईंनी मागे वळून या साथीकडे पाहिलं, मग दाजीकडे.

"आत्ता काय केलंत?"

"कधी?"

"आत्ता. त्या घड्याळाला."

दाजीने घड्याळाकडे पाहिलं. आपण काही केलंय हे त्याला तेव्हा समजलं. "थोपटलं," तो म्हणाला.

गुळगुळीत वकील उठला. "कारकुनाच्या घड्याळाचा या दाव्याशी काडीचा संबंध नाही."

"कारकुनाच्या गोळीशी तर आहे," न्यायाधीश म्हणाले. "साक्षीदार, थोपटलं म्हणजे काय?"

"वाजलं की थोपटायचं. मग ते गप्प बसतं."

"आणि आतली कोंबडी?" वकीलबाईंनी विचारलं.

"ती गप्पच असते."

"असं कुठपर्यंत थोपटता? दुकान बंद होईपर्यंत?"

"माल संपेपर्यंत."

आता कोणी खोकत नव्हतं. साहेबांनी मांडीवरची मांडी खाली घेतली होती. वकीलबाई नाक पुसायचं विसरल्या. "त्या दुपारी तुम्हाला थोपटायला कोणी सांगितलं?"

दाजीने समोर पाहिलं. मेहुणा आपल्या बुटांच्या नाड्यांकडे बघत होता, जणू त्या पहिल्यांदाच बघतोय. आधीची शपथ मोठी की नंतरची, हे कोणाला विचारण्यासारखं नव्हतं. राग असता तर रागाने त्याला बोलायला लावलं असतं. भीती असती तर तिने हाताला धरून गप्प बसवलं असतं. आत दोघांपैकी कोणीच नव्हतं. तेव्हा दाजीला जे दिसलं होतं तेवढंच उरलं आणि तो ते सांगत गेला.

"मॅनेजरने. मॅनेजर माझा मेहुणा लागतो."

मेहुण्याने डोळे मिटले. गुळगुळीत वकिलाच्या चेहऱ्यावर मात्र एकदम तकाकी आली. एक मॅनेजर सापडला म्हणजे कंपनी सुटली. तो लगबगीने उठला. "थोपटावं असा कंपनीचा कधी लेखी हुकूम होता?"

"नाही."

"तोंडी?"

"नाही. तोंडी कोणी काही बोललं नाही."

"झालं तर," म्हणत वकील खाली बसला. त्याने बसायला नको होतं, कारण वकीलबाई अजून उभ्याच होत्या.

"मॅनेजरला हे कोणी शिकवलं?"

"मी. त्याला सगळं मीच शिकवलं."

"आणि तुम्हाला?"

"साहेबांनी."

"कोणत्या?"

दाजीने बोट दाखवलं नाही; बोट दाखवणं त्याला बरं दिसलं नाही. त्याने हनुवटी दुसऱ्या बाकाकडे केली. "ते बसलेत ते. दुकान नवीन होतं, पाहणीला आले होते. कानाला फोन होता. कपाट वाजायला लागलं. मी ट्रे काढून पिंपाकडे निघालो. त्यांनी हात आडवा केला, ट्रे परत आत सरकवला आणि बटण दाबलं. बघितलंसुद्धा नाही, फोनवर बोलतच होते. मी आत्ता केलं ना, अगदी तसं."

साहेब म्हणाले, हे त्यांना आठवत नाही. ते खरंच असावं. दाजीलाही तर आपला हात गेलेला आठवत नव्हता. वकीलबाईंनी साहेबांना साक्षीला बोलावण्याची मागणी केली. कंपनीच्या वकिलाने तारीख मागितली आणि तारीख मिळताच फोन कानाला लावून बाहेर पळाला. थोड्याच वेळात तोच वकील व्हरांड्यात वकीलबाईंशी इतक्या नम्रपणे बोलताना दिसला, की ड्रायव्हरच्या उपचाराचा खर्च निघणार हे मावशीनेसुद्धा ओळखलं.

ड्रायव्हर जिन्यापाशी दाजीला भेटला. "मी रोज यायचो," तो म्हणाला. "तुम्हाला मी आठवतो का?"

"नाही," दाजी म्हणाला.

"मलाही तुम्ही आठवत नव्हता. तिथून नुसता हात दिसतो." ड्रायव्हर जरा थांबला. त्याला आभार मानायचे होते की शिव्या द्यायच्या होत्या हे बहुतेक त्याचंही ठरलं नव्हतं. मग तो कठड्याला धरून सावकाश उतरत गेला.

आता अडचण अशी की, आले होते मेहुण्याच्या गाडीतून, तेव्हा जायचंही त्याच गाडीतून होतं. ज्याचं नाव घेतलं त्यानेच घरी सोडायचं, असा प्रसंग वाट्याला आल्यावर माणसाने कुठे बघावं हे दाजीला सुचेना. त्याने काचेतून दुकानांच्या पाट्या वाचल्या. चपलांचं दुकान, औषधांचं, चष्म्यांचं. मेहुणा गाडी नीट चालवत होता, नेहमीपेक्षा नीट.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "साहेबांचं ते खरं?"

"हो."

"मग मला कधी सांगितलं का नाही, दाजी?"

"त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

मेहुण्याने सिग्नलला गाडी थांबवली. सिग्नल सुटला तरी त्याने गाडी हलवली नाही, मागच्यांनी भोंगे वाजवले तेव्हा हलवली. "मला वाटायचं, हे पाप आपल्याच घरातलं," तो म्हणाला. "तुम्ही सुरू केलंत आणि मी चालू ठेवलं. ड्रायव्हर आडवा झाल्यापासून मी रोज तेच घोकत होतो. त्या माणसाने नुसता फोनवर बोलता बोलता हात लावला, हे माहीत असतं तर... तर काय झालं असतं, माहीत नाही. निदान एकट्याचं वाटलं नसतं."

  "नोकरी जाईल तुझी," दाजी म्हणाला.

"तुमची राहणार आहे का?"

"नाही."

"मग झालं तर."

घराखाली गाडी थांबली, पण उतरायला कोणी तयार नव्हतं. वरच्या खिडकीचा पडदा सरकला आणि पुन्हा पडला.

"ताईला कोण सांगणार?" मेहुण्याने विचारलं.

"तुझं नाव घेतलं ते मी सांगतो. साहेबांचं तू सांग."

"उलटं करू. आधी साहेबांचं, मग माझं."

"ती आधी तुझंच विचारेल."

यावर विचार चालू असतानाच ती स्वतः खाली आली. हाताला पीठ लागलेलं होतं. तिने कोपराने काचेवर टकटक केलं. दाजीने काच खाली केली.

"गाडीतच राहायचा बेत आहे का? कोणाचं नाव घेतलंत?"

"सगळ्यांची."

"सगळ्यांची म्हणजे?"

"याचं, माझं, साहेबांचं."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावरून काही मिळेल ही आशा तिने कधीच सोडली होती, तरी पाहिलं. दाजीचा डावा हात मांडीवर बटण शोधत होता. दाजीही त्याच्याकडे पाहत होता, दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा. मग ती वाकून पलीकडे भावाकडे बघू लागली.

"खरंय ताई," भाऊ म्हणाला. "मी सांगितलं होतं थोपटायला. त्यांनी खोटं काही सांगितलं नाही."

ती तशीच वाकून उभी राहिली. शेजारचे कोणी जिन्यावरून उतरले, तिने त्यांना वाट दिली, पुन्हा पूर्वीच्या जागी आली. दाराला पीठ लागलं होतं ते तिने मनगटाने पुसलं, ते आणखी पसरलं.

"वर चला," ती म्हणाली.

दोघांपैकी कोणाला म्हणाली ते कळलं नाही. विचारायचं धैर्य कोणालाच नव्हतं, तेव्हा दोघेही उतरले आणि तिच्या मागोमाग जिना चढू लागले.